माठातले खत आणि कुंडीतली कोथिंबीर

प्रश्न इंदूरच्या राजेंद्रनगरमधील एका सेवानिवृत्त शिक्षिकेचा आहे. त्यांनी गच्चीवर एकावर एक ठेवायच्या तीन माठांचा खताचा संच घेतला. भाजीपाल्याची देठे-साली, चहाचा चोथा, उरलेली पोळी-भाजी आणि देवघरातील निर्माल्य हे सारे त्यात जाते. वर बाजारातून आणलेली कल्चरची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांची, भुकटी असते, शिवाय आठवड्यातून एकदा ताक-गुळाचे पाणी. तीन महिने झाले तरी माठांना आंबूस, मधूनच नासक्या अंड्यासारखा वास येतो आणि गेल्या पंधरवड्यापासून करड्या रंगाच्या जाड अळ्या झाल्या आहेत. घरात सुनेला पाचवा महिना लागला आहे. बाई विचारतात की हे खत घालून लावलेली कोथिंबीर आणि पुदिना कच्चा खाल्ला तर चालेल का, निर्माल्य त्यात घालावे की नाही, आणि 'इंदूर पद्धत' म्हणून ज्या खताचे नाव जगभर घेतले जाते ते आपल्या गच्चीवर करता येईल का.

माती आणि खत तपासण्याच्या प्रयोगशाळेत माझी जवळजवळ तीस वर्षे इंदुरातच गेली, त्यामुळे हा प्रश्न मला अनोळखी नाही. प्रथम सरळ उत्तर देतो. माठात आज जे आहे ते अजून खत झालेले नाही, म्हणून ते कोथिंबिरीला घालू नये. निर्माल्यातील फुले-पाने चालतील, परंतु शेंदूर किंवा हिंगूळ लागलेले काहीही त्यात जाता कामा नये. इंदूर पद्धत माठात होणार नाही, आणि त्यात आपल्या हाताचा दोष नाही. पुढे लिहितो आहे तो याच तीन विधानांचा खुलासा आहे.

आपल्याकडे शेतकरी 'चांगले कुजलेले शेणखत' असे म्हणतो, 'चांगले सडलेले' असे कोणी म्हणत नाही. भाषेने केलेला हा भेद रसायनशास्त्रालाही मान्य आहे. हवा खेळती असेल तर जिवाणू आणि बुरशी कचऱ्यातील कर्ब जाळतात आणि त्यातून कर्बवायू, पाणी आणि उष्णता बाहेर पडते. हे कुजणे. हवा कोंडली की दुसऱ्याच जातीच्या जिवाणूंचे राज्य सुरू होते, ते तेच पदार्थ अर्धवट तोडतात आणि मागे आंबट सेंद्रिय आम्ले, हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन सोडतात. हे सडणे. नासक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि आंबूस वास आम्लांचा, म्हणजे आपल्या माठाने आपल्याला स्वतःच्या दुखण्याचे निदान आधीच सांगितले आहे. सडताना कर्बातील बरीचशी ऊर्जा आम्लांत आणि मिथेनमध्ये अडकून राहते, म्हणून सडणारा ढीग कधी नीट तापत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे सुरक्षिततेचा सगळा प्रश्न तापण्यावरच येऊन ठेपणार आहे.

हवा का कोंडली, याचे उत्तर बहुतेक घरांत एकच असते, ते म्हणजे सुका माल अपुरा पडतो. येथे थोडा हिशेब करू, कारण 'मूठभर पाने टाका' या सल्ल्याने जितके माठ बिघडवले आहेत तितके कशानेच बिघडवलेले नाहीत. एक किलो भाजीपाल्याच्या कचऱ्यात साधारण ८०० ग्रॅम पाणीच असते आणि त्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे नत्राच्या एका भागामागे कर्बाचे किती भाग हा आकडा, १५ च्या आसपास असते. जिवाणूंना सुरुवातीला ते २५ ते ३५ च्या दरम्यान लागते, तर सुक्या पालापाचोळ्याचे ५० च्या आसपास धरता येते. एक किलो ओल्या कचऱ्यात सुमारे ४०० ग्रॅम सुकी पाने मिसळली, तर मिश्रणाचे गुणोत्तर २८ च्या जवळ येते आणि ओलावा ६० टक्क्यांवर येतो, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदमच साधतात. आता ही ४०० ग्रॅम पाने प्रत्यक्ष मोजून पाहावीत. न चुरडलेली सुकी पाने इतकी हलकी असतात की एवढ्याने एक मध्यम बादली भरून जाते. ओला कचरा मात्र दोन लिटरच्या डब्यात मावतो. म्हणजे वजनाने अर्ध्याहून कमी वाटणारी पाने आकारमानाने कचऱ्याच्या तीन-चार पट असतात. माठाचे झाकण उघडल्यावर कचऱ्यात थोडी पाने दिसत असतील तर प्रमाण चुकले. पानांत लपलेला थोडा कचरा दिसावा.

येथे माळव्याची एक खास अडचण आहे. ओला कचरा बारा महिने निघतो, पण कडुनिंब, पिंपळ आणि साग यांची पानगळ मुख्यतः फाल्गुन-चैत्रात होते. म्हणून ज्याला श्रावणात माठ चालवायचा आहे त्याने चैत्रातच पाने पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवली पाहिजेत. आपण ठेवली नसतील तर गव्हाचा भुसा घ्यावा. त्यात कर्ब जास्त असल्याने एक किलो कचऱ्याला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम पुरतो. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, गावोगावी मिळते, तेही चालते. लाकडाचा भुसा लाकूडकटाईच्या गिरणीतून साध्या लाकडाचाच आणावा, प्लायवूडचा नको, कारण त्यात चिकटद्रव्ये असतात. भुट्ट्याचा कीस करून उरलेली कणसे तोडून टाकली तर ती लवकर कुजत नाहीत खरी, पण ढिगात पोकळ्या धरून ठेवतात आणि हवा फिरायला तेच हवे असते. न कुजलेली कणसे चाळून पुढच्या माठात पुन्हा घालावीत.

कल्चर आणि ताक-गुळाविषयी माझे मत बऱ्याच जणांना आवडत नाही. पानांवर, शेणात, मातीत लागणारे सारे सूक्ष्मजीव आधीच असतात आणि तयार खताची एक ओंजळ विरजणासारखी घातली की काम भागते. भुकटीने नुकसान होत नाही. ती बहुधा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा लाकडाच्या भुशात मिसळलेली असते, त्यामुळे तिचा जो गुण येतो त्यातला बराचसा त्या कोरड्या भुशाचाच असतो. ताक-गुळाचे पाणी मात्र आपल्या माठाला आज अपायकारक आहे. आधीच चिंब असलेल्या आणि आंबलेल्या मालात आपण आणखी पाणी, आणखी आम्ल आणि झटकन आंबणारी साखर ओतत आहोत. ते बंद करावे. चुनाही घालू नये, कारण त्याने आंबटपणा जाईल, पण नत्र अमोनिया होऊन उडून जाईल.

अळ्यांचे भय बाळगण्याचे कारण नाही. आपण वर्णन केले आहे त्यावरून त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असाव्यात. या माशीच्या प्रौढ अवस्थेत ती घरमाशीसारखी अन्नावर बसत फिरत नाही, तिच्या अळ्या चावत नाहीत आणि कचरा फार वेगाने संपवतात. त्या दिसणे म्हणजे माल फार ओला आणि नत्रयुक्त आहे एवढाच निरोप. पाने वाढवली की त्या आपोआप कमी होतात.

आता तापण्याकडे वळतो. चांगला मोठा ढीग रचला तर दोन-तीन दिवसांत तो ४५ अंशांच्या पुढे जातो आणि ५५ ते ६५ अंशांवर काही दिवस टिकतो. या तापमानात साल्मोनेला, रोगकारक ई. कोलाय आणि जंतांची अंडी मरतात, तसेच तणांचे बी आणि माश्यांच्या अळ्याही नष्ट होतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा सांडपाण्याच्या गाळाच्या खतासाठी जो नियम आहे तो उघड्या ढिगाला ५५ अंश किंवा अधिक तापमान किमान १५ दिवस आणि त्या काळात पाच वेळा उलथापालथ मागतो, बंद पात्रात किंवा खालून हवा दिलेल्या ढिगात तीन दिवस पुरतात. उलथापालथीचा आग्रह यासाठी की ढिगाची कड थंड असते आणि कडेचा माल गाभ्यात गेल्याशिवाय त्याला ताप लागत नाही.

माठ का तापत नाही? एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या ढिगाला दर घनमीटरमागे सहा चौरस मीटर पृष्ठभाग असतो, तर तीस सेंटिमीटरच्या माठाला त्याच हिशेबाने वीस. म्हणजे प्रत्येक किलो मालामागे उष्णता पळून जायला तिप्पटीहून अधिक वाट मोकळी. त्यात माठ मातीचा. उन्हाळ्यात ज्या कारणाने माठातले पाणी गार होते, त्याच कारणाने माठातले खतही गार राहते, कारण ओल अंगातून झिरपते, तिची वाफ होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. माझ्या स्वतःच्या गच्चीवरील माठात मी एक उन्हाळा आणि एक हिवाळा लांब दांड्याचा तापमापक खोचून नोंदी ठेवल्या. बाहेरच्या हवेहून तो चार-सहा अंश वर जाई, उन्हाळ्यात कसाबसा ४२ वर पोहोचला आणि हिवाळ्यात तिशीच्या आसपास रेंगाळला. खत उत्तम झाले. परंतु त्याला 'उष्णतेने निर्जंतुक झालेले' असे मी कधीही म्हणणार नाही. गांडूळखताचेही तेच. त्यात वापरला जाणारा आयसेनिया फेटिडा जातीचा गांडूळ तिशीच्या पुढे अस्वस्थ होतो, तेव्हा तेथे तापवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

येथेच इंदूर पद्धतीचा विषय येतो. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेतली नोकरी सोडून १९२४ साली इंदुरात आले. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा पैसा आणि होळकर दरबारने दिलेली सुमारे ३०० एकर जमीन यांवर त्यांनी येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली आणि १९३१ पर्यंत ती चालवली. खताच्या पद्धतीवरील पुस्तक १९३१ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले. त्यावर दोन नावे आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड त्या संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक होते. इंदूर पद्धतीविषयी बोलताना हॉवर्डचे नाव सगळे घेतात, वाडांचे फारसे कोणी घेत नाही, आणि इंदुरातील मराठी माणसाने तरी ते घ्यावे असे मला वाटते, कारण त्या पद्धतीतील कर्ब-नत्राचा, ओलाव्याचा आणि आम्लतेचा हिशेब हा रसायनतज्ज्ञाच्या हाताचा आहे. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आलेल्या गांधीजींनी ही संस्था पाहिली होती. पुढे त्याच जागेवर कृषी महाविद्यालय झाले.

पद्धतीचा गाभा असा. शेतातील सर्व तऱ्हेचा पालापाचोळा मिसळून आधी गुरांखाली अंथरायचा. त्यात शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्याची माती आणि लाकडाची राख कालवायची आणि तीस फूट लांब, चौदा फूट रुंद पण जेमतेम दोन-तीन फूट खोल अशा खड्ड्यांत सैलसर भरायची. खोली कमी, कारण त्याखाली हवा पोहोचत नाही. कपाशीच्या आणि तुरीच्या चिवट काड्या रस्त्यावर अंथरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत, हा तपशील मला फार आवडतो. यंत्राचा खर्च नाही आणि काम चोख. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवर ढीग रचत. तीन महिन्यांत तीनदा उलथापालथ होई. सुरुवातीला ढीग ६५ अंशांपर्यंत तापे आणि खत तयार होईपर्यंत तिशीवर उतरे. कर्ब-नत्र गुणोत्तर ३३ च्या आसपास सुरू होऊन शेवटी १० च्या जवळ येई. ढिगात माश्या वाढू लागल्या तर हवा कमी पडली असे समजावे, असे हॉवर्ड सांगत. आपल्या अळ्यांना तेच निदान लागू पडते.

तेव्हा इंदूर पद्धतीला ढीग लागतो, आणि ढिगाला माणसे लागतात. आपल्या गल्लीतील वीस-पंचवीस घरे एकत्र आली आणि रोज पंधरा किलोच्या आसपास ओला कचरा निघाला, तर विटांच्या जाळीदार भिंतीचा किंवा लोखंडी जाळीचा एक घनमीटरचा हौद तीन आठवड्यांत भरतो आणि भरता भरता तापू लागतो. तापमापक नसेल तर लोखंडी सळई गाभ्यापर्यंत खोचावी, दहा मिनिटांनी ओढून मुठीत धरून पाहावी. धरवत नसेल तर आतले तापमान पन्नाशीच्या वर आहे असे ठोकळमानाने समजावे. असे तीन हौद शेजारी-शेजारी हवेत, म्हणजे एकातला माल दुसऱ्यात उलटता येतो. एका वसाहतीने सुंदर सिमेंटचे खड्डे बांधले होते, पण तळाला पाण्याचा निचरा ठेवला नव्हता आणि भिंतींना भोके नव्हती. पहिल्या पावसाळ्यात त्यातून निघालेला नमुना माझ्याकडे आला तेव्हा पिशवी उघडताच सहकाऱ्यांनी खोली सोडली. खड्डे पुढे बुजवले गेले. बांधकामाचा खर्च भरपूर झाला होता, चार इंच व्यासाची भोके तेवढी राहून गेली होती.

आणि हेही सांगतो की हे जमत नसेल, पाने मिळत नसतील, तर ओला कचरा महापालिकेच्या गाडीत द्यावा, त्यात काही कमीपणा नाही. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी आपल्या शहरात सुरू झालेला गोबरधन प्रकल्प तेव्हा दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा होता. तेथे हवा मुद्दाम कोंडून सडवले जाते, पण बंद टाकीत. निघणारा मिथेन साठवून त्यापासून बायो-सीएनजी करतात आणि उरलेल्या गाळाचे खत होते. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कर्बवायूच्या सुमारे २७ पट तापमानवाढ करतो. गच्चीवरच्या कोंडलेल्या माठातला मिथेन सरळ आकाशात जातो. बिघडलेला माठ चालू ठेवून पर्यावरणाची सेवा होते, हा समज मनातून काढून टाकावा.

आता सुनेच्या प्रकृतीचा आणि कच्च्या कोथिंबिरीचा प्रश्न. भाजीपाल्याच्या सालींत रोगकारक जंतू मुळात कमी असतात, म्हणून न तापलेला माठही सहसा धोकादायक ठरत नाही. धोका येतो तो आपण त्यात काय घालतो यावरून. मांस-मासळीचे धुवण, कच्च्या अंड्यांची न धुतलेली टरफले, कुत्र्या-मांजरांची विष्ठा, डायपर आणि ताजे शेण या वस्तू न तापणाऱ्या माठात कधीही जाऊ नयेत. टरफले हवीच असतील तर उकळून, वाळवून, कुटून घालावीत. ताज्या शेणाची स्लरी कोथिंबिरीच्या वाफ्यात ओतण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, ती सोडावी. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमात न कुजवलेले शेण जमिनीत घातल्यापासून १२० दिवसांच्या आत मातीला टेकणारे खाद्य काढायला मनाई आहे, आणि कोथिंबीर तर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापली जाते.

गर्भारपणाच्या दृष्टीने मला खतापेक्षा गच्चीवर येणाऱ्या मांजराची जास्त काळजी वाटते. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत येतो, तो महिनोन्महिने टिकतो आणि गर्भारपणात प्रथमच संसर्ग झाला तर बाळाला इजा करू शकतो. कुंड्यांवर जाळी घालावी, मातीचे काम सुनेने काही महिने दुसऱ्यावर सोपवावे आणि कोथिंबीर-पुदिना वाहत्या पाण्याखाली पान-पान सुटे करून धुवावा. चटणीत वाटण्यापूर्वी जुडी नुसती पाण्यात बुचकळून काढणे याला धुणे म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट श्वासाची. कोरडे खत उलटताना जो धुरासारखा लोट उठतो त्यात बुरशीचे बीजाणू असतात. ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी तर उबदार कुजणाऱ्या मालातच वाढते. निरोगी माणसाला सहसा काही होत नाही, पण दमा असेल, स्टेरॉइड चालू असतील किंवा मधुमेह ताब्यात नसेल त्याने हे काम करू नये. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे रुग्ण आपण इंदुरात पाहिले. ज्या म्यूकर वर्गातील बुरशीमुळे तो आजार होतो ती माती आणि कुजणारे पदार्थ यांत नेहमीच असते, आणि त्या वेळी तिला वाट मिळाली ती अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडमुळे. खत उलटण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडावे, नाकावर मास्क लावावा आणि हात साबणाने धुवावेत. इतके पुरेसे आहे.

निर्माल्याच्या बाबतीत मी थोडा कठोर आहे. फुले, दूर्वा, तुळस, बेल, पत्री हा सगळा उत्तम माल. दोरा आणि प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या की झाले. परंतु पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा सल्फाइड. धातू कुजत नाहीत. कुजताना कर्ब उडून जातो, मालाचे वजन निम्म्याहून कमी होते आणि धातू तेवढाच राहतो, म्हणजे खतातील त्याचे प्रमाण उलट वाढते. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम यापेक्षा अधिक चालत नाही. शुद्ध शेंदराच्या एका ग्रॅममध्ये ९०० मिलिग्रॅमहून अधिक शिसे असते. म्हणजे चिमूटभर, एक ग्रॅम शेंदूर नऊ किलो खत मर्यादेला नेऊन भिडवायला पुरतो, आणि आपला एक माठ एका खेपेला साधारण तेवढेच खत देतो. हिंगुळाचा हिशेब तर अंगावर येतो. त्याच्या एका ग्रॅममधील पारा साडेपाच टनांहून अधिक खताला मर्यादेपर्यंत नेतो. आज बाजारात मिळणारा शेंदूर पुष्कळदा साध्या रंगाचा असतो, पण तो कोणता हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. शिसे पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते, म्हणून या एका बाबतीत 'थोडेसे चालेल' असे मी म्हणणार नाही. मारुतीला वाहिलेली रुईची माळ आणि गणपतीचा शेंदूर लागलेली फुले वेगळी ठेवावीत आणि स्वतंत्रपणे द्यावीत. साध्या हळदी-कुंकवाच्या चार कणांची भीती नाही, तरी कुंकू घरी हळदीपासून केलेले असेल तर अधिक चांगले.

राहता राहिल्या किरकोळ वस्तू. चहाच्या काही पिशव्यांचे जाळे नायलॉनचे असते, ते फाडून चोथाच घालावा. फळांवरची लेबले काढावीत. 'कंपोस्टेबल' छापलेल्या पिशव्या मोठ्या प्रकल्पातील ५८ अंशांच्या आसपासच्या तापमानासाठी प्रमाणित केलेल्या असतात, माठात त्या वर्षभर तशाच राहतील. दगडी कोळशाची राख नको, लाकडाची चिमूटभर चालेल.

खत तयार झाले की नाही हे रंगावरून ठरवू नये, कारण सडलेला मालही काळाच असतो. एक काचेची बरणी अर्धी भरावी, माल मुठीत दाबल्यावर एखादा थेंब येईल इतका ओला असावा, झाकण घट्ट लावून पाच दिवस सावलीत ठेवावी. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर खत पिकले, आंबूस किंवा अमोनियाचा आला तर आणखी महिनाभर थांबावे. दुसरी कसोटी मेथीची. एका कुंडीत नुसती माती, दुसरीत तीन भाग माती आणि एक भाग खत, आणि दोन्हींत वीस-वीस मेथीदाणे पेरावेत. कच्च्या खतातील अमोनिया आणि सेंद्रिय आम्ले कोवळी मुळे जाळतात. दुसऱ्या कुंडीत उगवण कमी झाली किंवा रोपांच्या मुळांची टोके तपकिरी दिसली, तर ते खत अजून वापरायचे नाही. तयार खतही मातीच्या पाव हिश्श्याहून अधिक घालण्यात लाभ नाही. त्यातील नत्रापैकी पहिल्या वर्षी दहा-वीस टक्केच झाडाला मिळते, उरलेले हळूहळू सुटते, आणि जास्त घातले तर क्षार वाढून पाने कडेने करपतात.

आता आपल्या तीन माठांचे काय करायचे ते सांगतो. एखाद्या कोरड्या दिवशी सुनेला खाली ठेवून तिन्ही माठ गच्चीवर जुन्या चादरीवर रिकामे करावेत. शेंदूर लागलेले निर्माल्य त्यात गेले असेल, तर तो माल कोथिंबिरीसाठी विसरावा आणि कुंडीतल्या मोगऱ्याला किंवा जास्वंदीला ठेवावा. ते गेले नसेल, तर गुठळ्या फोडून, मालाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका गव्हाचा भुसा आणि दोन ओंजळी कोरडी माती त्यात मिसळावी. दोन-तीन तास सावलीत पसरून ठेवल्यावर मूठ आवळून पाहावी. बोटांतून पाण्याची धार लागली तर आणखी भुसा, एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. मग माठाच्या तळाशी तुटक्या कणसांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा चार बोटे थर देऊन माल सैल भरावा, दाबू नये. बाजूची भोके बुजली असतील तर खिळ्याने मोकळी करावीत. दर चौथ्या दिवशी काठीने तळापासून वर ढवळावे. वास तीन-चार दिवसांत उतरेल, अळ्या दोन आठवड्यांत कमी होतील. त्या माठात नवा कचरा घालणे थांबवून दोन महिने तो पिकू द्यावा, आणि रोजचा कचरा चौथ्या माठात, पानांच्या बादलीसह, नव्याने सुरू करावा. दोन महिन्यांनी बरणी आणि मेथी या दोन्ही कसोट्या लागल्या की कोथिंबिरीचे धणे रगडून पेरायला हरकत नाही.